आबांचा पॉवर हॅमर पुन्हा उभा करायचाय, सल्ला हवा

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांच्या चुलत्यांची, म्हणजे आबांची, लोहारकामाची शेड आहे. आबा आता ८१ वर्षांचे आहेत. गुडघे गेल्यावर त्यांनी काम थांबवलं, त्याला पंधरा वर्षं झाली. २०१९ च्या महापुरात शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर कुणी आत गेलंच नाही. या दिवाळीत कुलूप तोडून आत शिरलो.

आत सापडलं ते असं:

एक पॉवर हॅमर, म्हणजे यंत्राने चालणारा घण. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, इंग्रजी सी अक्षरासारखं धूड, माझ्या खांद्याएवढं उंच. वर शाफ्ट, त्यावर पट्ट्याची चपटी पुली, पुढे ट्रकच्या पाट्यांसारख्या पाट्यांची कमान आणि तिला लटकलेला घणाचा ठोकळा. खाली पायाने दाबायची गोल पट्टी. सगळं गच्च जाम.

एक मोठी ऐरण, एका बाजूला शिंग असलेली. अंगावर १ ३ ७ असे आकडे सुटे सुटे कोरलेत.

एक उभा व्हाइस, त्याचा एक पाय जमिनीपर्यंत येतो. त्यावर ठोकलेली इंग्रजी अक्षरं अर्धवट दिसतात.

एक हाताने फिरवायचा ब्लोअर, आत पुराचा गाळ. शिवाय कातड्याचा जुना भाता. त्याचं कातडं उंदरांनी खाल्लंय, लाकडी फळ्या मात्र शाबूत आहेत.

भंगारवाला तीनदा येऊन गेला. सगळं वजनावर घेतो म्हणतो. चुलतभावाचं मत देऊन टाकावं असं आहे. आबा काही बोलत नाहीत. पण मी ऐरणीवरची माती पुसत होतो तेव्हा ते काठी टेकत आले, हातोडी घेऊन ऐरणीवर एकदा टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत उभे राहिले. त्या दिवसापासून हे विकायचं माझ्या मनात येत नाही.

मी स्वतः शेती करतो, थोडं वेल्डिंग येतं. हे सगळं चालू करता येईल का? सुरुवात कुठून करू?

ओगलेवाडीकर

पहिलं काम म्हणजे भंगारवाल्याला शेडच्या दारातूनच परत पाठवा. आकड्यांचं नंतर बोलू.

माणदेशी

फोटो टाका. आणि तोवर ऐरणीला ग्राइंडर लावू नका. हात जोडून सांगतो, लावू नका.

सातारा_रोड

आमच्या भागात जुनं बीड दिसलं की लोक एकतर किर्लोस्करवाडी म्हणतात नाहीतर आमच्या सातारा रोडच्या कूपर कारखान्याचं म्हणतात. तुमचं गाव पलूस तालुक्यात, म्हणजे किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. तिथलाच असणार हा हॅमर.

ओगलेवाडीकर

@सातारा_रोड, इतक्या लवकर शिक्का मारू नका. किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर उभी राहिली ती लोखंडी नांगरासाठी. पुढे चरक, रहाट, पंप, इंजिनं असं बरंच निघालं. पण एखादं यंत्र त्या गावाजवळ सापडलं म्हणजे ते तिथंच बनलं असं होत नाही. बिडाच्या अंगावर ओतताना उमटलेली अक्षरं असतात. रंग आणि गाळाच्या थराखाली ती बुजतात. वायर ब्रश कोरडा मारू नका, जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ फुफ्फुसात जाते. पाणी आणि साबण लावून ओला ब्रश मारा, मग खडूची भुकटी चोळा. उठावाची अक्षरं वाचता येतील.

आता ऐरण. १ ३ ७ हे जुनं इंग्रजी वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेट, म्हणजे प्रत्येकी २८ पौंड. तिसरा नुसते पौंड. ११२ अधिक ८४ अधिक ७ म्हणजे २०३ पौंड, साधारण ९२ किलो. काट्यावर चढवून बघा आणि इथे सांगा.

येरळाकाठ

उसाच्या काट्यावर नेणं शक्य नव्हतं, भंगारवाल्याच्याच काट्यावर चढवली :) ९१ किलो ८०० ग्रॅम! अंगावर काटा आला हो. कुठल्या काळी इंग्लंडात कुणीतरी छिन्नीने वजन कोरलं आणि ते अजून खरं आहे.

ओल्या ब्रशने पुसल्यावर आकड्यांच्या वर एक गोल दिसतोय, त्यात शेवटची तीन अक्षरं एल, आय, डी अशी वाटतात.

ओगलेवाडीकर

गोलात 'सॉलिड रॉट' असा शिक्का पीटर राइटच्या ऐरणींवर असायचा. इंग्लंडातल्या डडली गावचे ते. वरच्या ओळीत 'पेटंट' हा शब्द सापडतो का बघा, सापडला तर जवळजवळ नक्की. या ऐरणींचं अंग घडीव मऊ लोखंडाचं आणि वर पोलादाची जाड पाटी भट्टीत तापवून जोडलेली. म्हणून तर ती तशी वाजते. ओतीव बिडाची ऐरण थाप मारल्यासारखी बद्द वाजते.

माणदेशी

आता मी ग्राइंडरचं का म्हणालो ते सांगतो.

माझ्याकडेही अशीच एक होती, आटपाडीच्या बाजारात मिळालेली. वरचा पृष्ठभाग मधे थोडा खोलगट झाला होता, कडा झिजल्या होत्या. मला वाटलं आरशासारखी सपाट करू. एका वर्कशॉपला नेली. त्यांनी मिलिंग मशीनवर लावून चार मिलिमीटर काढले. दिसायला फारच सुंदर झाली. घरी आणून पहिला विळा ठोकला तर ऐरणीवर हातोडीचा वळ उमटला. पोलादाची पाटी आधीच झिजून पातळ झालेली, तिचा कडक भाग मी पैसे देऊन उडवला. आता ती ऐरण मऊ आहे. शंभर वर्षं टिकलेली वस्तू मी एका दुपारी संपवली.

मधे खोलगट असलेली ऐरण वाईट नसते. उलट वाकडी पट्टी सरळ करायला ती खोली कामाची. झिजलेली कडसुद्धा उपयोगी, गोलाई काढायला. जिथे धारदार कड हवी तिथे ऐरणीच्या चौकोनी भोकात बसणारा तुकडा करून घ्या.

तपासायची रीत: बेअरिंगचा गोळा दहा इंचावरून सोडा. सात-आठ इंच परत उसळला तर पाटी जिवंत आहे. सगळीकडे सोडून बघा, एखाद्या जागी मेलेला आवाज आला तर तिथे पाटी अंगापासून सुटली असू शकते.

रानमेवा

वाचतेय. काहीच कळत नाही पण सोडवत नाही.

मिरज_जंक्शन

त्या व्हाइसवरची अक्षरं एम, एस, एम, आर अशी आहेत का?

येरळाकाठ

एम, मग एक वेटोळी खूण, एस, एम… पुढचं झिजलंय. तुम्ही कसं ओळखलंत?

मिरज_जंक्शन

माझे आजोबा मिरजेच्या लोको शेडमध्ये होते. आमच्या घरच्या दोन पान्यांवर तोच शिक्का आहे. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. १९०८ मध्ये दोन कंपन्या एकत्र होऊन ही झाली आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. पुणे-मिरज-बेळगाव ही मीटरगेज लाइन त्यांचीच. म्हणजे तुमचा व्हाइस १९५१ च्या आधीचा धरायला हरकत नाही.

असा उभा व्हाइस मुद्दाम लोहारासाठी असतो. साधा टेबलाचा व्हाइस बिडाचा, त्यावर घण मारला की जबडा तुटतो. याचा पाय जमिनीला टेकतो, मार जमिनीत जातो. बसवताना पायाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा पक्का द्या, अधांतरी लटकवू नका.

कायद्याचं_बोला

रेल्वेचा शिक्का म्हटल्यावर एक गोष्ट गंभीरपणे सांगते. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. मालावर संशय आला की तो रीतसर मिळाल्याचं आपल्यालाच दाखवावं लागतं. सत्तर वर्षं जुन्या व्हाइसमागे कोणी लागणार नाही, पण पावती असेल तर जपा. आणि भंगारात दिसणारा रुळाचा तुकडा 'ऐरणीला छान' म्हणून कागदाशिवाय उचलू नका. हे नव्याने छंद लागलेल्या मुलांनी जरूर वाचावं.

येरळाकाठ

ताई, आबांच्या ट्रंकेत पावती निघाली! शाई उडालीय, पण 'लिलाव' हा शब्द आणि वजन वाचता येतं. प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवली.

उसाचा_फड

गंज काढायचा विषय कोणी काढला नाही अजून. आपण सांगली-साताऱ्याची माणसं, आपल्या घरात औषध आहे. काकवी!

एक भाग काकवी, नऊ भाग पाणी. प्लॅस्टिकच्या पिंपात भाग बुडवून ठेवायचे. दहा ते पंधरा दिवस. गंज सुटा होऊन काळा चिखल होतो, खालचं चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. झाकण सैल ठेवा, आंबतं ते, फुगतं. ॲल्युमिनियमचा किंवा जस्त चढवलेला भाग आत घालू नका, खाऊन टाकतं. बिडाचे भागही महिनोन्‌महिने विसरू नका, दर चार दिवसांनी काढून बघा.

कारखान्याची मळी यासाठी आणखी चांगली, पण ती अशी बादलीने आणता येत नाही, तिला उत्पादन शुल्क खात्याचे परवाने असतात. गुऱ्हाळावर तळाशी राहिलेली, गुळाला न चालणारी काकवी मागा. हंगाम चालू आहे, कोणीही देईल.

रानमेवा

काकवी लोखंडाला घालताय? आमच्याकडे भाकरीबरोबर पुरत नाही!

उसाचा_फड

ताई, तळाची सांगितली, वरची भाकरीलाच. कराडकडे आलात तर ताजी देतो. वासाची मात्र पूर्वसूचना देतो. पिंप घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. माझ्या घरी तीन दिवस कोणी बोलत नव्हतं.

वायरमन_तासगाव

काकवीला वेळ लागतो. छोट्या भागांना मी विजेने करतो. पाण्यात धुण्याचा सोडा, पाच लिटरला एक मोठा चमचा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. उलटं जोडलंत तर तुमचाच भाग विरघळेल. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको.

आणि हॅमरचे पाटे यात घालू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतं, आणि नेमक्या त्याच भागावर सगळा ताण येणार आहे. पाट्यांना काकवीही नको. हाताने घासा, तेल लावा.

गाळातून_वर (भिलवडी)

२००५ आणि २०१९, दोन्ही पूर आमच्या वर्कशॉपने पाहिलेत. ब्लोअरबद्दल सांगते. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, बेअरिंगच्या आत जाऊन सुकला की सिमेंट होतो. जोर लावून फिरवू नका, दात तुटतील. हाताच्या ब्लोअरमध्ये गिअरांची पेटी असते, एका फेरीला पंखा कितीतरी फेऱ्या घेतो. ते दात बारीक आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. आधी नुसत्या पाण्यात दोन दिवस बुडवा, गाळ मऊ करा, पिचकारीने धुवा. मग डिझेल. मग तेल. डिझेल आधी घातलंत तर गाळाचा चिकट लगदा होतो, मी तीच चूक केली होती.

येरळाकाठ

हे ऐकलं आणि वाचलो. मी डिझेलची कॅन घेऊनच बसलो होतो.

पुणेकर_मूळ_वाई

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? हॅमर साफ करून, रंग देऊन अंगणात उभा करा. महाबळेश्वरच्या वाटेवर किती ठिकाणी अशी जुनी यंत्रं दारात शोभेला ठेवलेली दिसतात. नातवंडं बघतील. चालवायला गेलात तर जागा, वीज, आवाज, धोका. आणि खरं सांगायचं तर यंत्राच्या घणाने हाताची कला मरते. लोहाराचं सौंदर्य त्याच्या हातात आहे.

ठिणगी_वाळवा

@पुणेकर_मूळ_वाई, दादा, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. मीही मनापासून सांगते.

मी घिसाड्याच्या घरात जन्मले. इस्लामपूर-आष्टा रस्त्याच्या कडेला आमचं पाल असायचं. वडील सांडशीत लोखंड धरून बसायचे आणि घण आई मारायची. आमच्यात बाईच घण मारते. वडिलांच्या उजव्या हातात छोटी हातोडी. ती जिथे टिचकी देईल तिथे आईचा घण पडायचा. टिचकी हलकी असली तर घाव हलका, जोरात असली तर जोरात. हातोडी ऐरणीच्या कडेवर वाजली की थांब. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. मी भाता ओढायचे, लहान होते तेव्हा दोन हातांनी.

उसाचा हंगाम तोंडावर आला की कोयत्यांचा ढीग यायचा. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा, बोटाएवढा जाड, तो ठोकून कोयता करायचा. एका कोयत्याला किती घाव पडत असतील, मी कधी मोजले नाहीत. धाकटा भाऊ पोटात असताना आई आठव्या महिन्यापर्यंत घण मारत होती. आज तिचा उजवा हात खांद्यावर जात नाही. वेणी मी घालते. कानही गेलेत, दोघांचेही.

हाताची कला वडिलांच्या हातोडीत होती आणि लोखंडाचा रंग ओळखणाऱ्या नजरेत होती. आईच्या घणात नुसता मार होता. तो मार यंत्राने घेतला असता तर काही मेलं नसतं. टिचकी कुठे द्यायची हे यंत्र सांगत नाही.

म्हणून येरळाकाठ दादा, हॅमर चालू करा. अंगणात उभा करू नका. आणि कानात बोळे घाला.

माणदेशी

ताई. काय बोलू.

पुणेकर_मूळ_वाई

ठिणगीताई, माझं म्हणणं मी मागे घेतो. वाईच्या आमच्या लोहारीण काकूंचा हात आठवला. त्यांचाही वर जात नसे, आम्ही पोरं त्याला सांधेदुखी समजत होतो.

सातारा_रोड

आता मूळ कामाकडे. मी तीस वर्षं फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काढली, तेव्हा हॅमरच्या पोटातलं सांगतो.

जाम बोल्ट: पान्याला पाइप लावून झटके देऊ नका. नट गॅसने तापवा, लाल नको, नुसता चटका बसेल इतका. मग मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. थंड होऊ द्या, पुन्हा करा. घट्ट करायच्या दिशेला किंचित हलवा, मग सोडवायच्या. ज्या दिवशी सुटत नाही त्या दिवशी सोडून द्यायचं.

शाफ्टची बेअरिंगं: इतक्या जुन्या हॅमरला गोळ्यांची बेअरिंगं नसतील. बिडाच्या खोबणीत व्हाइट मेटल ओतलेलं असेल, शिशासारखं पांढुरकं. टोपी काढली की मधे पत्र्याच्या पातळ चकत्या असतात का बघा. शाफ्ट खडखडत असेल तर आधी दोन्ही बाजूंची एकेक चकती कमी करून टोपी आवळा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. नव्याने व्हाइट मेटल ओतायची घाई करू नका.

ओतायची वेळ आलीच तर शाफ्ट आणि खोबण दोन्ही तापवून घ्या, शाफ्टला दिव्याची काजळी धरा म्हणजे चिकटत नाही, फटी शाडूने बुजवा आणि तो शाडू पूर्ण वाळू द्या. ओलीचा एक थेंब आत राहिला तर वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. माझ्या समोर उडालेला आहे. पूर्ण चेहरा झाकल्याशिवाय करू नका. जमल्यास कोणा जाणत्याला बोलवा.

बिडाच्या अंगाला तडा आहे का ते रॉकेल आणि खडूने बघा. रॉकेल लावून पुसायचं, वर खडू फासायचा. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. आणि तडा सापडला तर साध्या वेल्डिंग रॉडने शिवू नका. बीड थंडच वेल्ड केलं तर शेजारी नवीन तडा जातो.

येरळाकाठ

सातारा_रोड काका, खडू लावला. अंगाला तडा नाही. पण खालचा डाय, म्हणजे घण ज्यावर पडतो तो ठोकळा, जिथे पाचर मारून बसवतात त्या खोबणीच्या एका ओठाला बोटभर रेघ आली. आबांना विचारलं तर म्हणाले, 'ती माझ्या लग्नाआधीची हाय, पाचर हळू मार, सरळ मार, काय होत न्हाई.' एवढं बोलले! पंधरा वर्षांत शेडबद्दल पहिल्यांदा.

सातारा_रोड

मग आबांचं ऐका. ती रेघ साठ वर्षं तिथेच थांबली आहे तर तिला हात लावू नका. तिच्या टोकावर खुणेचा पंच मारून ठेवा, दर महिन्याला बघा. पुढे सरकली तर पितळी ब्रेझिंग, अंग नीट तापवून, आणि राखेत हळू थंड. पाचर मऊ लोखंडाची करा आणि बरोबर उताराची. पाचर चुकीच्या उताराची असेल तर सगळा मार एका टोकावर येतो, हे ओठ त्यानेच फाटतात.

वायरमन_तासगाव

मोटर कुठली लावणार? गावात सिंगल फेज का थ्री फेज?

येरळाकाठ

शेडला सिंगल फेज. शेतीच्या लाइनला थ्री फेज येते पण रात्रीची पाळी असली की काय करणार. पूर्वी आबा तेलाच्या इंजिनावर चालवायचे, पट्टा भिंतीतल्या भोकातून यायचा. भोक अजून आहे.

वायरमन_तासगाव

मग दोन एचपीची थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, घ्या. बाहेर तीन फेज निघतात पण २३० व्होल्टच्याच. आपल्याकडच्या लहान मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. मोटरचा डबा उघडून जोडणी डेल्टाची करून घ्या, नाहीतर मोटरला दम लागेल. सहा पोलची, ९६० फेऱ्यांची मोटर मागा. हॅमरची पुली किती इंची?

येरळाकाठ

चौदा.

वायरमन_तासगाव

मोटरला चार इंची पुली लावली तर ९६० गुणिले ४ भागिले १४, मिनिटाला पावणेतीनशेच्या आसपास फेऱ्या. ड्राइव्ह असल्यामुळे सुरुवातीला निम्म्यावर चालवा. आबांना आवाज ऐकवा, ते सांगतील वाढव की कमी कर.

विटा_ते_व्हिएन्ना

लिटल जायंट नावाचे हॅमर व्हिडिओत खूप दिसतात, हा तसलाच का?

ओगलेवाडीकर

नाही. लिटल जायंट अमेरिकेत मिनेसोटात बनायचे, २५, ५०, १०० पौंडी घणाचे. त्यांना पाट्यांची कमान नसते, गुंडाळीची स्प्रिंग आणि दोन हात असतात. यात कमान आहे. काम एकच: क्रँकचा कडक झटका आणि घणाचा मार यांच्यामध्ये लवचीक काहीतरी हवं, नाहीतर शाफ्ट तुटेल. त्या लवचिकतेमुळेच घण नुसता खाली येत नाही, चाबकासारखा येतो.

आणि त्यासाठीच एक सूचना. जुना पाटा चालू हॅमरवर तुटला तर तुकडा माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून सुटतो. कमानीभोवती लोखंडी पट्ट्यांची जाळी केल्याशिवाय पहिला ठोका मारू नका. डाय बदलताना वरच्या घणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, मोटरचा प्लग काढून हातात ठेवा.

गाळातून_वर (भिलवडी)

पाया विसरू नका! हॅमरचा पाया शेडच्या भिंतीपासून सुटा हवा. खोल काँक्रीट, वर लाकडाच्या जाड फळ्या, त्यावर हॅमर. आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीला लागून केला होता, वर्षात भिंत उभी फाटली.

कायद्याचं_बोला

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. कागदापेक्षा चहा जास्त उपयोगी पडतो.

रानमेवा

काय झालं हो पुढे? दोन महिने झाले.

येरळाकाठ

मंडळी, उशीर झाला, माफ करा. हंगाम चालू होता, ऊस गेल्यावर हात मोकळे झाले.

ब्लोअर आधी झाला. तीन दिवस पाण्यात ठेवला, भिलवडीच्या ताईंनी सांगितलं तसं. गाळाबरोबर एक शंख निघाला, छोटा, नदीचा. तो शेडच्या खिडकीत ठेवलाय. गिअर शाबूत. आता एका हाताने फिरवला तरी पंखा घोंघावतो, हात काढला तरी चार-पाच फेऱ्या चालत राहतो.

ऐरण तशीच ठेवली. तेलाचं फडकं एवढंच. बेअरिंगचा गोळा मधोमध साडेसात इंच उसळला, टाचेकडे सहा. बाभळीच्या बुंध्यात बसवली, उंची आबांनी ठरवली. त्यांनी मला सरळ उभं केलं, हात खाली सोडायला सांगितला, मूठ मिटली आणि मुठीच्या सांध्यावर खडूने रेघ मारली. 'इथपर्यंत.'

हॅमरच्या शाफ्टची टोपी उघडली तर खरंच चकत्या होत्या, पितळी, तेलाने काळ्या. दोन्हीकडची एकेक काढली, खडखड गेली. बाकीच्या चकत्या आबांनी मागून घेतल्या, फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या. पुढच्याला लागतील म्हणाले. अंगावरची अक्षरं मात्र वाचता आली नाहीत, कोणीतरी फार पूर्वीच घासून काढलीत.

पाया चार फूट खोल घेतला. जाळी झाली. पाटे पाच होते, त्यातल्या तिसऱ्याला बारीक चीर निघाली, तो बदलला, इस्लामपुरात पाटे करणाऱ्याकडून त्याच मापाचा नवा करून घेतला.

परवा मोटर जोडली. आबा खुर्चीवर बसले होते. ड्राइव्ह निम्म्यावर, घणाखाली लाकडाचा ठोकळा. पाय ठेवला तर घण नुसता थरथरला, मारेना. मला वाटलं संपलं. आबा उठले, काठी माझ्याकडे दिली, एका हाताने जाळी धरली आणि चप्पल काढून अनवाणी पायाने पट्टी दाबली. हळू, मग अजून थोडी. घण बोटभर उचलला, टक. मग टक, टक. मग पाय दिला आणि शेड हलली. मी पाय एकदम दाबत होतो. पट्टा आधी सरकू द्यायचा असतो, मग धरू द्यायचा. हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

मग भट्टी लावली. आबांचा जुना फाळ होता, बोथट झालेला. पिवळट नारिंगी तापवला. मी सांडशीत धरला, पट्टीवर पाय आबांचा. फाळाचं टोक पंधरा-वीस ठोक्यांत ओढलं गेलं. शेवटचा हात आबांनी ऐरणीवर मारला, बसूनच, छोट्या हातोडीने. पाणी देताना फाळाच्या टोकावर रंग चढताना दाखवला, गवती पिवळा, मग तांबूस. 'आता,' म्हणाले, आणि बुडवला.

ठिणगीताई, कानात बोळे घातले होते. आबांना घालायची गरज नाही म्हणाले, त्यांना तसंही ऐकू कमी येतं. मी घातलेच त्यांच्या कानात.

ठिणगी_वाळवा

वाचलं आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते विचारतात, कोळसा कुठला वापरला?

येरळाकाठ

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याकडून कोक आणला होता. हवा थांबली की विझतो, मला जमत नाही अजून.

ठिणगी_वाळवा

ते म्हणतात, फाळाला कोक ठीक, पण विळ्याला बाभळीचा लोणारी कोळसा घे. कोकात पातळ धार जळते. आमच्याकडे चार विळे शेवटायचे, म्हणजे ठोकून धार काढायचे, पडलेत. रविवारी आलो तर चालेल का? आईलाही हॅमर बघायचाय.

येरळाकाठ

या ना ताई, नक्की या. आईंसाठी खुर्ची आबांच्या शेजारी लावतो. कोळसा मात्र तुम्हीच आणा, बाभळीचा.